स्प्रे (शिडाची नौका)

स्प्रे ही ३६ फूट ९ इंच (सुमारे ११.२ मीटर) लांबीची लाकडी शिडाची नौका होती. जोशुआ स्लोकम यांनी एप्रिल १८९५ ते जून १८९८ या काळात या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्या माणसाने शिडाच्या नौकेतून केलेली ही पहिली ज्ञात पृथ्वीप्रदक्षिणा मानली जाते. या सफरीआधी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फेअरहेवन या गावी स्लोकम यांनी एका मोडकळीस आलेल्या जुन्या नौकेची जवळजवळ प्रत्येक फळी बदलून तिची पुनर्बांधणी केली. या कामाला त्यांचे तेरा महिन्यांचे श्रम आणि सामानासाठी ५५३.६२ डॉलर लागले. सुमारे ४६,००० मैलांच्या (सुमारे ७४,००० किमी) सफरीनंतरही नौकेचा तळ गळत नव्हता. त्यामुळे दीर्घ सफरीपूर्वीच्या दुरुस्तीचे उदाहरण म्हणून स्प्रेचा उल्लेख नेहमी केला जातो.

संक्षिप्त माहिती
- प्रकार: स्लूप, सफरीदरम्यान यॉल
- एकूण लांबी: ३६ फूट ९ इंच
- कमाल रुंदी: १४ फूट २ इंच (सुमारे ४.३ मीटर)
- आतील खोली: ४ फूट २ इंच (सुमारे १.३ मीटर)
- टनभार: निव्वळ ९ टन, ढोबळ १२.७१ टन
- बांधणीचे लाकूड: पांढरा ओक, जॉर्जिया पाइन, पांढरा पाइन, डोलकाठी स्प्रूसची
- इंजिन: नाही
- शेवट: १९०९ मध्ये स्लोकम यांच्यासह समुद्रात बेपत्ता

## पार्श्वभूमी

जोशुआ स्लोकम यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे झाला. लहान वयातच ते समुद्रावर गेले आणि पुढे मोठ्या शिडाच्या जहाजांचे कप्तान झाले. ॲक्विडनेक हे त्यांचे स्वतःचे मालवाहू जहाज १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. तेव्हा त्यांनी तेथेच लिबर्दाद नावाची ३५ फुटी नौका बांधली आणि १८८८ मध्ये पत्नी व दोन मुलांसह तिच्यातून अमेरिका गाठली. स्प्रेच्या कामाआधीच त्यांना नौकाबांधणीचा अनुभव होता तो यामुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मालवाहतूक वाफेच्या जहाजांकडे गेली होती आणि शिडाच्या जहाजांवरील कप्तानांना काम मिळणे कठीण झाले होते. १८९२ च्या हिवाळ्यात स्लोकम बोस्टनमध्ये कामाच्या शोधात असताना त्यांची एबेन पिअर्स या निवृत्त कप्तानाशी भेट झाली. पिअर्स हे पूर्वी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर होते. त्यांनी स्लोकम यांना एक नौका देऊ केली, मात्र तिला थोडी दुरुस्ती लागेल असेही सांगितले.

फेअरहेवनला पोहोचल्यावर स्लोकम यांना दिसले की ही नौका पाण्यापासून दूर, एका शेतात टेकू देऊन उभी केलेली आहे. तिच्यावर ताडपत्री घातलेली होती. सात वर्षे ती तशीच पडून होती आणि गावात तो चेष्टेचा विषय झाला होता. ती किती जुनी आहे हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. मुळात ती डेलावेअर खाडीत कालवे काढण्यासाठी वापरली जात असावी, अशी समजूत होती. स्लोकम ती मोडून विकणार, असा गावकऱ्यांचा अंदाज होता. तिची पुनर्बांधणी करणार असल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हा हा व्यवहार परवडेल का, हाच प्रश्न पुढे वर्षभर विचारला गेला.

## पुनर्बांधणी

### कणा आणि बरगड्या

स्लोकम यांनी दुरुस्तीची सुरुवात तळापासून केली. नव्या कण्यासाठी त्यांनी जवळच्याच एका ओक वृक्षावर स्वतः कुऱ्हाड चालवली. तो ओंडका आणि सांगाड्याचे इतर लाकूड एका स्थानिक शेतकऱ्याने अल्प मोबदल्यात ओढून आणून दिले. बरगड्यांसाठी सरळ वाढलेली ओकची कोवळी झाडे निवडण्यात आली. ती तासून वाफेच्या पेटीत नरम केली जात, मग एका ओंडक्यावर वाकवून बांधून ठेवली जात आणि आकार पक्का झाल्यावर नौकेत बसवली जात. पेटीला वाफ पुरवणारा बॉयलर म्हणजे एक साधे भांडे होते.

नाळेचा मुख्य खांब कुरणात वाढलेल्या पांढऱ्या ओकच्या बुंध्यातून काढला होता. दाट जंगलातील झाडापेक्षा मोकळ्या कुरणातले, वारा सोसलेले ओक जहाजबांधणीसाठी अधिक चिवट असते, असा तेथील कारागिरांचा अनुभव होता. सफरीत कीलिंग बेटांजवळ हा खांब प्रवाळाच्या एका खडकावर आदळला. खडक फुटला, पण खांबाला ओरखडाही आला नाही, असे स्लोकम यांनी नोंदवले आहे.

फेअरहेवनसमोर पुलापलीकडे असलेले न्यू बेडफर्ड हे देवमाशांच्या शिकारीचे मोठे बंदर होते. तेथील वृद्ध कप्तान काम पाहायला वरचेवर येत. बर्फाळ समुद्रातील त्यांच्या हकिकती ऐकून स्लोकम यांनी नाळेच्या आत दोन्ही बाजूंना जोडणारे लाकडी आधार एकाऐवजी दुहेरी बसवले. ही नौका बर्फही फोडू शकेल, असे मत त्या कप्तानांनी दिले.

### फळ्या आणि बोल्ट

बाहेरच्या फळ्या दीड इंच जाडीच्या जॉर्जिया पाइनच्या होत्या. त्या बसवण्याचे काम वेळखाऊ होते. प्रत्येक फळीची आतली कड शेजारच्या फळीला इतकी घट्ट भिडवली होती की मधून उजेड दिसत नसे. बाहेरची कड मात्र सांधा बुजवण्यासाठी किंचित उघडी ठेवली होती. जिथे फळ्यांची टोके जुळत, तिथे खिळ्यांऐवजी आरपार जाणारे बोल्ट घालून ते चाकीने आवळले होते. संपूर्ण नौकेत असे सुमारे एक हजार बोल्ट वापरले गेले. लाटांच्या सततच्या हिसक्यांनी खिळा हळूहळू सैल होतो, तर बोल्ट पुन्हा आवळता येतो. किनाऱ्यावर दिसून न येणारा हा फरक दीर्घ सफरीत महत्त्वाचा ठरतो.

याच टप्प्यावर नौकेच्या मूळ रचनेत बदल करण्यात आला. पाण्यावर राहणाऱ्या भागाची उंची मध्यभागी १२ इंच, पुढे १८ इंच आणि मागे १४ इंच वाढवली. उथळ पाण्यात चालणारी मूळची नौका त्यामुळे खोल समुद्रासाठी अधिक योग्य झाली.

### डेक आणि निवासाची जागा

डेकसाठी दीड इंच जाड व तीन इंच रुंद पांढऱ्या पाइनच्या पट्ट्या वापरल्या. त्यांखाली सहा इंच चौरस तुळया तीन-तीन फुटांवर टाकल्या होत्या. डेकच्या कडेला १४ इंच उंचीचा कठडा होता.

डेकवर दोन बंदिस्त खोल्या होत्या. पुढची सुमारे ६ × ६ फूट खोली स्वयंपाकघर म्हणून वापरली जाई, तर मागची सुमारे १० × १२ फूट खोली राहण्यासाठी होती. दोन्ही खोल्या डेकपासून सुमारे तीन फूट वर आणि काही प्रमाणात खाली उतरलेल्या होत्या, त्यामुळे आत उभे राहता येई. राहण्याच्या खोलीत डेकखाली झोपण्याची जागा, सामानाचे कप्पे आणि औषधपेटीची जागा होती. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भागात पाणी, खारवलेले मांस आणि इतर शिधा अनेक महिने पुरेल इतका ठेवता येई.

### सांधे बुजवणे

फळ्यांमधील सांधे बुजवण्याचे काम स्लोकम यांना सर्वांत अवघड वाटत होते. त्यासाठी व्यावसायिक कारागीर नेमावा का, असाही विचार त्यांच्या मनात आला. अखेर त्यांनी ते स्वतःच केले. त्यांनी सांध्यांत आधी कापूस ठासला. लाकूड पाण्याने फुगले की कापूस बाहेर सरकेल, असे येणारे-जाणारे सांगत होते. हा आक्षेप इतक्या वेळा घेतला गेला की कापूस किती वेगाने सरकेल, म्हणजे वेळीच बंदर गाठता येईल, अशी थट्टाही झाली. स्लोकम यांनी मात्र आधीच ठरवल्याप्रमाणे कापसावर ओकमचा, म्हणजे जुन्या दोरखंडांतून काढलेल्या डांबरयुक्त तंतूंचा, एक थर ठोकून बसवला. कापूस पुढे कधीही सरकला नाही.

त्यानंतर तळाला तांबेयुक्त रंगाचे दोन हात देण्यात आले. असा रंग लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून आणि शेवाळापासून संरक्षण देतो. वरच्या भागाला व कठड्याला सफेदा लावला. शेवटी सुकाणू बसवून दुसऱ्या दिवशी नौका पाण्यात सोडण्यात आली.

### जुनी की नवी

पुनर्बांधणी पूर्ण झाली तेव्हा मूळ नौकेचे फारसे काही उरले नव्हते. तरीही स्लोकम यांनी तिचे नाव कायम ठेवले. एकेक भाग बदलत पूर्णपणे नवे झालेले जहाज जुन्याच नावाचे राहते, या जहाज नोंदणीतील प्रथेचा त्यांनी आधार घेतला. तत्त्वज्ञानात थीसियसचे जहाज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोड्याचे हे एक प्रत्यक्ष उदाहरण आहे. जुनी नौका कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली, हे स्लोकम यांच्या मते सांगता येण्यासारखे नव्हते आणि त्याने काही बिघडतही नव्हते.

## खर्च

५५३.६२ डॉलर ही रक्कम केवळ सामानाची होती. स्लोकम यांच्या स्वतःच्या तेरा महिन्यांच्या श्रमांचे मूल्य तीत धरलेले नाही. प्रत्यक्षात त्यांचा फेअरहेवनमधील मुक्काम याहून काही महिने अधिक होता, कारण मधूनमधून बंदरातील शिकारी जहाजांच्या डागडुजीची कामे करून ते पैसे मिळवत होते. खर्च आटोक्यात राहण्यामागे नौका विनामूल्य मिळणे, ओकचे लाकूड परिसरातच उपलब्ध असणे आणि बहुतेक काम एकाच माणसाने करणे ही कारणे होती.

## सफरीपूर्वीची तयारी

स्प्रूसची नवी डोलकाठी आणि शिडे चढवल्यावर स्लोकम आणि पिअर्स यांनी बझार्ड्स उपसागरात चाचणी फेरी केली. तीत कोणताही दोष आढळला नाही. नंतर स्लोकम यांनी एक हंगाम किनाऱ्यालगत मासेमारी करून पाहिली, पण तीत त्यांना यश आले नाही. उत्पन्नाच्या दृष्टीने हा हंगाम वाया गेला असला, तरी मोठ्या सफरीआधी नौकेचा स्वभाव ओळखण्याची संधी त्यातून मिळाली.

२४ एप्रिल १८९५ रोजी स्प्रे बोस्टनहून निघाली. ग्लॉस्टर येथे उरलेली तयारी करण्यात आली. डेकवर पूर्ण आकाराची होडी मावत नसल्याने स्लोकम यांनी एक टाकून दिलेली होडी मधोमध कापली आणि कापलेली बाजू फळ्यांनी बंद केली. ही अर्धी होडी किनाऱ्यावर जाण्यासाठी आणि कपडे धुण्याचे टोपले म्हणूनही उपयोगी पडली. गावातील लोकांनी मासेमारीचे साहित्य, सुके मासे, तांबेयुक्त रंग आणि खवळलेल्या लाटांवर सोडण्यासाठी तेल दिले.

वेळ मोजण्याच्या साधनावर त्यांनी फारच कमी खर्च केला. त्यांचे जुने क्रोनोमीटर दुरुस्त करण्यास १५ डॉलर लागणार होते, म्हणून ते घरीच ठेवण्यात आले. त्याऐवजी नोव्हा स्कोशियातील यार्मथ येथे त्यांनी पत्र्याचे एक घड्याळ घेतले. त्याची किंमत दीड डॉलर होती, पण तबकडी फुटलेली असल्याने ते एका डॉलरला मिळाले. सांगाडा, सांधे आणि बोल्ट यांवर कसलीही काटकसर न करणाऱ्या स्लोकम यांनी उपकरणांत मात्र काटकसर केली. चंद्राच्या स्थितीवरून वेळ आणि रेखांश काढण्याचे कौशल्य असल्यामुळेच त्यांना हे शक्य झाले. २ जुलै १८९५ रोजी त्यांनी यार्मथ सोडले आणि अटलांटिक ओलांडण्यास सुरुवात केली.

## सफरीतील दुरुस्त्या आणि बदल

तळाचे काम पक्के असले तरी काठ्या, दोर आणि शिडे यांची झीज सफरभर होत राहिली. मोरोक्कोच्या किनाऱ्यालगत एका लुटारू नौकेने पाठलाग केला असता आलेल्या जोरदार झोतात मुख्य शिडाच्या तळाची आडवी काठी, म्हणजे बूम, मोडली. ब्राझीलमधील पर्नांबुको येथे तिची दुरुस्ती झाली.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील वादळी समुद्रासाठी स्लोकम यांनी शिडांची मूळ मांडणी बदलली. रिओ दि जानेरो येथे नौकेच्या मागील टोकाला दुसऱ्या, लहान डोलकाठीसाठी आधार बसवण्यात आला. ही काठी पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीत उभी केली गेली आणि एका डोलकाठीची स्लूप ही दोन डोलकाठ्यांची यॉल झाली. ब्यूनस आयर्स येथे मुख्य डोलकाठी सात फुटांनी आणि नाळेपुढील काठी सुमारे पाच फुटांनी कमी करण्यात आली. एकट्या माणसाला वादळात शिडे आवरता यावीत, हा यामागील हेतू होता.

डिसेंबर १८९५ मध्ये स्प्रे उरुग्वेच्या किनाऱ्यावर वाळूत रुतली. तिला सोडवण्यासाठी नांगर होडीतून नेताना होडी उलटली आणि पोहता न येणारे स्लोकम बुडता बुडता वाचले. मॉन्टेव्हिडिओ येथे नौका गोदीत घेऊन दुरुस्त करण्यात आली. तेथेच लोखंडी पिंपाला भोके पाडून एक लाकूड जाळणारी शेगडी तयार करण्यात आली. पुढे टिएरा देल फ्वेगोच्या थंडी-पावसात तिचा मोठा उपयोग झाला.

मार्च १८९६ मध्ये मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडताच स्प्रे वादळात सापडली आणि दक्षिणेकडे केप हॉर्नच्या दिशेने ढकलली गेली. मुख्य शिडाच्या चिंध्या झाल्या. हाताशी असलेल्या कापडातून शीड शिवून स्लोकम यांना पुन्हा सामुद्रधुनीत परतावे लागले. १३ एप्रिल १८९६ रोजी ते अखेर प्रशांत महासागरात उतरले. सामोआ येथे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या बागेतील बांबू पुढील शिडासाठी मिळाले, तर सिडनी येथे शिडांचा नवा संच भेट मिळाला.

१८९७ मध्ये टास्मानियातील डेव्हनपोर्ट येथे नौका पाण्याबाहेर काढून तिची कसून तपासणी झाली. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा कोठेही मागमूस नव्हता. खबरदारी म्हणून तळाला पुन्हा तांबेयुक्त रंग देण्यात आला. ऑस्ट्रेलियापर्यंत पंप क्वचितच वापरावा लागला होता आणि त्यानंतर तो जोडावाही लागला नाही, असे स्लोकम यांनी लिहिले आहे. परतीच्या अखेरच्या टप्प्यात मात्र दोर झिजून एकामागून एक तुटू लागले. न्यूयॉर्कच्या दक्षिणेस एका वादळात पुढच्या शिडाचा ताणदोर डोलकाठीच्या टोकाशी तुटून शिडासह समुद्रात पडला.

२७ जून १८९८ रोजी पहाटे स्प्रे ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट बंदरात पोहोचली. काही दिवसांनी स्लोकम तिला फेअरहेवनला घेऊन गेले. जलावतरणाच्या वेळी नौका बांधण्यासाठी किनाऱ्यात ठोकलेल्या त्याच सीडरच्या खुंटाला त्यांनी ती पुन्हा बांधली.

## रचना आणि समुद्रावरील वर्तन

सुकाणू एका जागी बांधून ठेवले तरी स्प्रे दीर्घ काळ आपली दिशा सोडत नसे. तिच्यावर स्वयंचलित सुकाणूची कोणतीही यंत्रणा नव्हती. लांब कणा आणि शिडांचा समतोल यांमुळे हे शक्य होत असे. थर्सडे बेट ते कीलिंग बेटे हे २,७०० मैलांचे अंतर तिने २३ दिवसांत कापले. त्या काळात स्लोकम यांना सर्व मिळून सुमारे तीन तासच सुकाणूवर बसावे लागले. वाचन, स्वयंपाक, शिवणकाम आणि पुरेशी झोप घेत एकट्याने तीन वर्षे नौकेवर राहणे या गुणामुळे शक्य झाले.

नौकेचे स्थैर्य मुख्यतः तिच्या रुंदीवर अवलंबून होते. तिच्या कण्याखाली शिसे किंवा लोखंड नव्हते. तळातील काँक्रीट खांबांनी दाबून पक्के केलेले होते, जेणेकरून ते वादळात हलू नये.

१९०९ मध्ये द रडर या नौकानयनविषयक मासिकात सी. आंद्रादे यांनी स्प्रेच्या रचनेचे विश्लेषण करून तिच्या समतोलाची प्रशंसा केली. पुढे जॉन हॅना यांच्यासारख्या नौकारचनाकारांनी वेगळे मत मांडले. त्यांच्या मते अशी रुंद नौका सुरुवातीला फार स्थिर वाटली, तरी एका मर्यादेपलीकडे कलल्यास ती पुन्हा सरळ होण्याची शक्यता कमी असते. स्लोकम यांच्या यशात नौकेइतकाच त्यांच्या अनुभवाचा वाटा होता आणि नवख्यांनी तिची नक्कल करू नये, असा इशाराही देण्यात आला. तरीही तिच्या नमुन्यावर अनेक नौका बांधल्या गेल्या.

## नंतरची वर्षे आणि शेवट

स्लोकम यांचे प्रवासवर्णन १९०० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि लोकप्रिय ठरले. १९०१ मध्ये बफेलो येथील पॅन-अमेरिकन प्रदर्शनात स्प्रे लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली. नंतर स्लोकम यांनी मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतले, परंतु त्यांचा बराच काळ नौकेवरच जात असे. ते हिवाळ्यात वेस्ट इंडीजच्या सफरी करत.

या काळात नौकेची निगा पूर्वीसारखी राखली जात नसल्याचे तिला पाहणाऱ्या काही समकालीनांनी नोंदवले आहे. दोर आणि शिडे जीर्ण झाली होती. नोव्हेंबर १९०९ मध्ये स्लोकम व्हिनयार्ड हेवनहून स्प्रेमधून दक्षिणेकडे निघाले. त्यानंतर ते किंवा नौका पुन्हा कोणालाही दिसले नाहीत. रात्री एखाद्या आगबोटीने धडक दिली असावी, वादळात नौका बुडाली असावी किंवा तिचे जुने सांधे उघडले असावेत, असे तर्क केले जातात. त्यांपैकी कोणताही सिद्ध झालेला नाही. १९२४ मध्ये स्लोकम यांना कायद्याने मृत घोषित करण्यात आले.

## महत्त्व

स्प्रेमुळे लहान नौकेतून, एकट्याने आणि मर्यादित साधनांनिशी महासागर ओलांडता येतो हे सिद्ध झाले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या परंपरेची ती सुरुवात मानली जाते. भारतात या परंपरेतील पहिली प्रदक्षिणा कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये गोव्यात बांधलेल्या म्हादेई या नौकेतून पूर्ण केली.

नौकेची डागडुजी कोणत्या क्रमाने करावी, याबाबतही स्प्रेचा दाखला दिला जातो. आधी कणा, बरगड्या आणि फळ्या, मग डेक व निवासाची जागा, त्यानंतर सांधे, काठ्या व शिडे, आणि सर्वांत शेवटी उपकरणे, असा तो क्रम होता. समुद्रात असताना शीड शिवता येते, काठी जोडता येते आणि दोर बदलता येतो. तळाच्या सांगाड्याची दुरुस्ती मात्र किनाऱ्यावरच करावी लागते. फेअरहेवनमध्ये नौकेवर घेतलेली मेहनत आणि अखेरच्या वर्षांत तिची घटलेली निगा, हे दोन्ही भाग तिच्या इतिहासात एकत्रच वाचले जातात.

## हेही पहा
- जोशुआ स्लोकम
- मॅगेलनची सामुद्रधुनी
- दिलीप दोंदे
- अभिलाष टॉमी
- आयएनएसव्ही म्हादेई
- थीसियसचे जहाज